ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर आणि कूलर निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करता येईल असा डेस्कटॉप जुळवून घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक प्रोसेसरचे नाव ठरवूनच दुकानात येतात आणि कूलरचा विषय बिल करताना निघतो. विदर्भातील उन्हाळा पाहता हा क्रम उलटा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंटरनेटवर वाचायला मिळणाऱ्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत घेतलेल्या असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३८ अंश सहज भरतात. कोणताही हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) किंवा रेडिएटर (लिक्विड कूलरमधील पाणी थंड करणारी जाळी) प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि खोली जितक्या अंशांनी तापते जवळपास तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. म्हणजे २३ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जातो. एएमडीच्या रायझन ५ ७६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, तर इंटेलच्या कोअर आय५ १४६००केची १०० अंश. ही मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी मोजलेले जादा पैसे नेमके त्या दुपारी वाया जातात.

वेग वाढवून नक्की किती मिळते, हेही आधी पाहिले पाहिजे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर बसचा (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यावर ४५० वर चालत असे. दीडपट वेग जवळपास फुकटात मिळे. आजचे प्रोसेसर उपलब्ध वीज आणि तापमान पाहून आपला वेग आपणच वर नेतात, त्यामुळे कारखान्यातून निघतानाच त्यांच्यात फारशी ढील उरलेली नसते. शिवाय प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ५.० वरून ५.३ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले, तर वेगात ६ टक्के भर पडते, पण विजेचा खर्च आणि पर्यायाने उष्णता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढते. ती ३४ टक्के उष्णता वाहून नेण्याची ताकद कूलरमध्ये आहे का, हा खरा प्रश्न आहे.

याच कारणाने आम्ही सगळ्या कोअरचा (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-केंद्रांचा) वेग एका आकड्यावर बांधून टाकण्याची पद्धत सुचवत नाही. रायझनवर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला विजेची नेहमीची मर्यादा ओलांडून वेग वाढवू देणारी सोय) चालू करून बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने प्रत्येक कोअरचे व्होल्टेज थोडे उतरवले, तर त्याच तापमानात प्रोसेसर अधिक वेग धरून ठेवतो. या सेटिंगमध्ये उणे आकडा जितका मोठा तितकी व्होल्टेजची कपात जास्त; उणे १० पासून सुरुवात करावी आणि चाचणी घेत पुढे जावे. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांत एक उणे ३० सहन करतो आणि दुसरा उणे १५ वर अडखळतो. हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग आहे आणि तो खोका उघडण्याआधी कोणताही दुकानदार सांगू शकत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरचाच गुणक (मूळ घड्याळाच्या वेगाला ज्याने गुणून कोअरचा वेग ठरतो तो आकडा) मोकळा, म्हणजे बदलता येण्याजोगा असतो आणि तो वाढवण्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिप) लागतो. आय५ १४६००के हा बी७६० बोर्डावर व्यवस्थित चालतो, रॅमचा वेगही वाढवता येतो, परंतु कोअरचा गुणक वर नेता येत नाही. ‘के’चे पैसे भरून बी बोर्ड घेण्याची ही चूक जुन्या संगणकांत आम्हाला वारंवार दिसते. एएमडीकडे एएम५ सॉकेटवरील (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या जागेवरील) बहुतेक रायझन मोकळे आहेत आणि बी६५० बोर्डही चालतो. ए६२० मात्र या कामासाठी घेऊ नये. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशचा (प्रोसेसरमधील अतिवेगवान मेमरीचा) थर कोअरच्या वर बसवलेला असल्याने उष्णता अडते आणि गुणक बंद ठेवलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोअरच्या खाली गेला आणि गुणकही मोकळा झाला.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) दुरुस्ती बायोसमार्फत दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढ्यांपैकी काही घ्यायचे असल्यास ताजे बायोस टाकल्याशिवाय पहिल्यांदा विंडोजसुद्धा चढवू नये. जुना, वापरलेला आय९ स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांना आम्ही सरळ नको म्हणतो.

बहुतेकांसाठी आमची पसंती रायझन ५ ७६०० ला आहे. ७६००एक्सपेक्षा तो मुळात थोडा कमी वेगाचा असला, तरी दोन्हींत सहाच कोअर आहेत. त्याला सॉकेटवर ८८ वॅटची मर्यादा घातलेली आहे, ७६००एक्सला १४२ वॅटची, आणि ही मर्यादा बायोसमधून उठवता येते. खोक्यात मिळणारा व्रेथ स्टेल्थ कूलर मात्र त्यानंतर पुरत नाही.

कूलर

सहा ते आठ कोअरच्या प्रोसेसरला दोन पंखे आणि सहा हीटपाइप (उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) असलेला टॉवर कूलर पुरेसा होतो. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हा त्या वर्गातील परवडणारा पर्याय आहे आणि त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची १६५. कॅबिनेटच्या माहितीत कूलरच्या उंचीची मर्यादा दिलेली असते, ती पाहूनच निवड करावी, नाहीतर बाजूची काच लागत नाही. उंच हीटस्प्रेडर (धातूचे आवरण) असलेली रॅमही पुढच्या पंख्याला अडते.

आय९ १४९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा किंवा रायझन ९ ७९५०एक्स सारखा २३० वॅटचा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंगला लावायचा असेल, तर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्यावा. पाणी सुरुवातीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे पाच मिनिटांच्या चाचणीत लिक्विड कूलर छान दिसतो. अर्ध्या तासानंतरचा आकडाच खरा मानावा. पंप हा झिजणारा भाग आहे आणि नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे किंचित कमी होत जातो. टॉवर कूलरमध्ये फार तर पंखा बदलावा लागतो. रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवणे उत्तम, कारण पंप सर्वांत उंचावर आला की त्यात हवा साचते.

समोर जाळी नसलेल्या, अखंड काचेच्या कॅबिनेटमध्ये महागडा कूलरही तीच गरम हवा फिरवत बसतो. डेझर्ट कूलर वापरणाऱ्या घरांत कॅबिनेट त्याच्या झोताच्या समोर ठेवू नये. त्या हवेतील ओलावा आणि पाण्यातील क्षार धुळीबरोबर हीटसिंकच्या पात्यांवर बसतात आणि ब्रशनेही नीट निघत नाहीत. कूलर स्वतः बसवणार असाल, तर तळावरची प्लॅस्टिकची फिल्म आधी काढावी. दुरुस्तीला येणाऱ्या ‘फार तापतो’ अशा नव्या संगणकांमध्ये ही फिल्म तशीच सापडते. थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी टाकावी आणि स्क्रू तिरपे, आळीपाळीने आवळावेत.

चाचणी आणि वॉरंटी

आम्ही जुळवलेल्या संगणकावर सिनेबेंच आणि ओसीसीटी ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी-सॉफ्टवेअर चालवून एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या सॉफ्टवेअरमधील तापमानाची नोंद, त्या वेळच्या खोलीच्या तापमानासह, बिलासोबत देतो. कर्व्ह ऑप्टिमायझरची अस्थिरता पुष्कळदा पूर्ण भाराखाली दिसतच नाही. संगणक नुसता चालू असताना किंवा साधे ब्राउझर उघडताना तो अचानक रीस्टार्ट होतो. असे झाल्यास व्होल्टेजची कपात पाच अंकांनी कमी करावी.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडी आणि इंटेल दोघेही वॉरंटीत धरत नाहीत, आणि प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही एएमडीच्या अटींत त्यातच मोडते. ही जोखीम ग्राहकाची राहील. खरेदीला येताना कॅबिनेटचे मॉडेल, एसएमपीएसवरील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरील) स्टिकरचा फोटो आणि संगणक ज्या खोलीत राहणार आहे तिथले दुपारचे तापमान घेऊन यावे.