मोहोर, आंब्याचा

आंब्याच्या (मँजिफेरा इंडिका) शाखाग्रावर येणारा फुलोरा. हा शब्द संस्कृत मुकुल किंवा मुकुर (कळी) यावरून प्राकृतातील मउल, मउर या रूपांमधून आला असावा. हिंदीतील बौर त्याचाच सगोत्र मानतात. नाण्याच्या अर्थाची मोहर फार्सीतली असून तिचा याच्याशी संबंध नाही.

हा फुलोरा परिमंजरी (फांद्या फुटलेली मंजरी) प्रकारचा असतो. त्यात पुं-पुष्पे व द्विलिंगी फुले एकत्र येतात, मात्र फळ केवळ द्विलिंगी फुलालाच धरते. फूल जेमतेम काही मिलिमीटरचे; त्यात बहुधा एकच केसर कार्यक्षम असतो व त्याचा गुलाबी परागकोश सुकताना जांभळट होतो. परागण मुख्यतः माश्यांकडून होते. हजारो फुलांच्या मोहोरातून काढणीपर्यंत टिकणारी फळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मोहोर कशामुळे येतो याबद्दल मतभेद आहेत. जुन्या मांडणीत फांदीतील कर्बोदके व नत्र यांच्या प्रमाणावर भर होता. त्यावरून मोहोर येण्यापूर्वी फांदीत पुरेसा साठा लागतो एवढे कळते. तो अमुक आठवड्यातच का फुटतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे पाण्याचा ताण हे मूळ कारण होय. कोकणात पाऊस थांबल्यावर झाड विसावते व पुढे मोहोर दिसतो, त्यामुळे हे मत बागायतदारांमध्ये रुजलेले आहे. परंतु नियंत्रित तापमानात वाढवलेल्या कलमांवरील प्रयोगांत दिवसा सुमारे ३०° व रात्री २५° से. तापमान असता नुसत्या ताणाने मोहोर आला नाही, पालवीच फुटली. दिवसा सुमारे १५° व रात्री १०° से. ठेवल्यावर मात्र तो आला. ताणाचे काम पालवी फुटणे लांबणीवर टाकून फांदीला जून होऊ देण्यापुरते असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. विषुववृत्तालगतच्या प्रदेशात पुरेशी थंडी नसते. तेथे फांदीच्या वयाला महत्त्व येते, आणि फिलिपीन्समध्ये १९७०च्या दशकापासून रूढ झालेली पोटॅशियम नायट्रेटची फवारणी उपयोगी पडते ती अशा जून फांद्यांवरच.

थंडीची जाणीव कळीला नव्हे, पानांना होते. पाने काढून टाकलेल्या व साल वलयाकार कापून वेगळ्या पाडलेल्या फांदीवर थंडीतही मोहोर येत नाही. पानांत तयार होणारा प्रेरक अन्नरसाबरोबर शाखाग्राकडे जातो, असा याचा अर्थ लावतात. अशा प्रेरकाला ‘फ्लोरिजेन’ हे नाव १९३०च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी दिले. २००७मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस (प्रयोगांत वापरली जाणारी मोहरीच्या कुळातील लहान वनस्पती) व भात यांत तो एक लहान प्रथिन असल्याचे दिसून आले. त्याच कुळातील जनुके आंब्याच्या पानांतही आढळली असून थंडीत त्यांची क्रिया वाढते. याला विरोध करणारे संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. ते जास्त असेल तर डोळा (शाखाग्रावरची कळी) पालवीकडे झुकतो.

मोहोर की पालवी हा निर्णय डोळा फुगू लागल्यावरही पुरता झालेला नसतो. बोंगा (फुगलेला डोळा) फुटतेवेळी हवा उबदार झाली, तर त्याच दांड्यावर तळाशी फुले व शेंड्याकडे तांबूस कोवळी पाने, असा मिश्र मोहोर पाहायला मिळतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी व उकाडा आलटून पालटून आल्यास एकाच हापूसच्या झाडावर एका बाजूस मोहोर व दुसऱ्या बाजूस पालवी असते. थंडी अति झाली तरी नुकसानच: द्विलिंगी फुलांचे प्रमाण घटते, परागकण नीट पोसत नाहीत आणि मोहोर भरगच्च असूनही वांझ राहतो.

पॅक्लोब्युट्राझॉल (बाजारातील नाव कल्टार) झाडातील जिबरेलिनची निर्मिती रोखते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केलेल्या शिफारशीनुसार ते जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या विस्ताराच्या प्रमाणात बुंध्याभोवती मातीत देतात. त्यामुळे हापूसचा वर्षाआड फळण्याचा स्वभाव बराच सौम्य होतो व मोहोर लवकर येतो. खतपाण्यात हयगय झाल्यास झाड खंगते.

पुनर्मोहोराचा प्रश्न याच्या उलटा. पहिल्या मोहोराची फळे वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी असताना पुन्हा थंडी पडली की त्याच फांदीवर, जुन्या मोहोराच्या बुडाशी, नवा बोंगा निघतो. अन्न तिकडे वळते आणि आधीची फळे गळतात. यावर ५० पीपीएम (दशलक्ष भागांत ५० भाग) जिबरेलिक आम्लाची (२० लिटर पाण्यात १ ग्रॅम) फवारणी सांगितली जाते. पावसाळ्यात जे संप्रेरक आटवायचे, तेच हिवाळ्यात बाहेरून द्यायचे असा हा प्रकार आहे. फवारणी हुकली तर फळे नव्या मोहोराचीच राहतात. ती मे महिन्याच्या अखेरीस तयार होतात, तेव्हा चढा भाव संपलेला असतो आणि वळिवाचा पाऊस डोक्यावर असतो.