सीमाभागातली घरी कापलेली रिंगटोन

१९९४ साली नोकियाच्या २११० या फोनमध्ये स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या रचनेतला एक तुकडा बसवला गेला आणि पुढे तोच सूर जगभर फोनची ओळख झाला. त्या काळच्या फोनला एका वेळी एकच स्वर वाजवता येई. पुढे पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजवणारे फोन आले, पण त्यातही नुसती चाल. माणसाचा गळा रिंगटोनमधून ऐकू यायला एमपी३ वाजवणारे फोन यावे लागले.

रेडिमेड टोन विकायचा धंदा कंपन्यांनी त्याआधीच मांडला होता. एसएमएस करायचा, बॅलन्समधून पैसे कटायचे, टोन यायची. पण मोबाईलचे परवाने सर्कलनिहाय, म्हणजे सेवेच्या विभागांनुसार दिलेले. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. कोल्हापूरला जाताना सीमेवरची कोगनोळी मागे पडली की स्क्रीनवर रोमिंग. आमच्याकडे टोनच्या जाहिराती यायच्या त्या बहुतेक कन्नड आणि हिंदी गाण्यांच्या. कन्नड गाणी आम्हीही आवडीनं ऐकतो. पण गावच्या भजनी मंडळाचा अभंग, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला पोवाडा कुठल्या यादीत मिळणार? तो स्वतःच कापावा लागे. सीमाभागात घरची टोन रुजली ती या गरजेपोटी, फुकट मिळते म्हणून नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

मोबाईलच्या दुकानात कार्ड रीडर असायचाच. "ह्यात एक विठ्ठलाचं घाला की," म्हणून लोक मेमरी कार्ड पुढे करत. गाणं कॅसेटवर असेल तर टेपच्या हेडफोनच्या पिनेतून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर जोडायची आणि ऑडासिटीत रेकॉर्ड करायचं. हे सॉफ्टवेअर २००० पासून फुकट मिळतं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यावर माऊसनं हवा तो भाग धरायचा. अभंगाचा आलाप ठेवला तर शब्द येईपर्यंत फोन उचललेला असतो. म्हणून पखवाजाची पहिली थाप पडते तिथून कापायचं, शेवटी फेड आउट द्यायचा, म्हणजे आवाज हळूहळू विरवायचा. तीस सेकंद पुरे. १२८ केबीपीएसला ती फाइल ४८० केबीच्या आसपास होते, छोट्या कार्डातही मावते.

ढोल-ताशाची टोन मात्र हमखास फसायची. फोनचा स्पीकर एवढासा, खर्ज त्यातून निघतच नाही. ढोलाचा घुमारा जातो, ताशाची कडकड तेवढी उरते. सनई, झांज, तुतारी भर बाजारातही कानावर येते. कापणाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो इक्वलायझरवर, म्हणजे स्वरांचे पट्टे कमीजास्त करायच्या सोयीत, खर्ज उतरवून मधला पट्टा चढवायचा, आणि मग गाणं स्वच्छ वाजायचं.

अँड्रॉइड आल्यावर कुठलीही एमपी३ थेट टोन म्हणून लावता येऊ लागली, कापायचं काम फोनवरच होऊ लागलं. आयफोनला मात्र एम४आर ही वेगळ्या प्रकारची फाइल लागायची, त्यामुळे आयफोनवाल्यांसाठी कॉम्प्युटर बराच काळ चालू राहिला. ज्यांनी तेव्हा मंडळांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या, त्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांशेजारी अख्खे अभंगही पडून असतील. डिस्क बंद पडायच्या आत ते उतरवून घ्यावेत आणि फाइलच्या नावात गाव, मंडळ आणि साल लिहावं.