डोके-मान शस्त्रक्रिया : किती कापायचे, हा जुना वाद

आधुनिक भूलशास्त्राचा इतिहास सांगताना १६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख हटकून येते. त्या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला सर्वांसमक्ष ईथर हुंगवले आणि जॉन वॉरन यांनी शस्त्रक्रिया केली. ती शस्त्रक्रिया मानेची होती, जबड्याखालच्या गाठीची, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही.

भूल आली म्हणून डोके-मानेच्या शस्त्रक्रिया लगेच सोप्या झाल्या नाहीत. पायावर शस्त्रक्रिया असेल तर भूल देणारा डोक्याशी आणि सर्जन पायाशी उभा राहतो. तोंडात किंवा गळ्यात काम असले की दोघांनाही तीच जागा हवी. शिवाय बेशुद्ध रुग्णाचे रक्त श्वासनलिकेत उतरण्याची धास्ती होतीच. ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूअन यांनी १८७८ मध्ये जिभेच्या मुळाशी असलेला कर्करोग काढताना तोंडावाटे थेट श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. ही युक्ती रुळायला पुढची चाळीस वर्षे गेली. पहिल्या महायुद्धात चेहऱ्याच्या चिंधड्या उडालेले सैनिक इंग्लंडमधल्या सिडकपच्या इस्पितळात हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे येत. त्यांना भूल देता देता आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम यांनी नळीचे तंत्र पक्के केले. आज कोणत्याही ऑपरेशन थिएटरमध्ये सर्रास दिसणाऱ्या या नळीमागे मोडलेल्या चेहऱ्यांचा असा वाटा आहे.

या शाखेचा खरा धडा मात्र गलगंडाने, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या सुजेने दिला. या ग्रंथीत रक्त इतके खेळते असते की १८५० च्या सुमारास फ्रेंच वैद्यक अकादमीने या शस्त्रक्रियेला चक्क विरोध केला होता. झुरिकमध्ये थिओडोर बिलरोथ यांचे सुरुवातीचे रुग्ण शंभरात चाळीस या प्रमाणात दगावले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी या ग्रंथीला हात लावला नाही. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी चित्र पालटले. जंतुनाशक काळजी घेऊन, घाई न करता, प्रत्येक रक्तवाहिनी आधी बांधून मग कापायची, ही त्यांची रीत. सुरुवातीला शंभरात बारा-तेरा असलेले मृत्यूचे प्रमाण कारकिर्दीच्या शेवटी एकाच्याही खाली आले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते थायरॉइडवरील कामासाठीच.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर अर्धीच राहील. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती अशा जुन्या रुग्णांना कोखर यांनी परत बोलावून तपासले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे चेहरे सुजलेले होते, हालचाली आणि विचार मंदावले होते, मुलांची वाढ खुंटली होती. स्वतःच्याच निर्दोष शस्त्रक्रियेचा हा परिणाम त्यांनी १८८३ मध्ये जाहीरपणे मांडला आणि साध्या गलगंडात पूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. नोबेलपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी पुढे एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. कोखर यांच्या रुग्णांना थायरॉइडच्या अभावाचा त्रास होई, तर बिलरोथ यांच्या रुग्णांना पेटके येत. कोखर नेटकेपणाने सगळी ग्रंथी काढत, पण तिच्या पाठीमागच्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी वाचत; त्या गेल्या की पेटके येतात. बिलरोथ भराभर कापत; त्यात थायरॉइडचा थोडा भाग मागे राही आणि पॅराथायरॉइड मात्र जात. हाताची सवय रुग्णाच्या आजारातून वाचता येत होती!

त्याच बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले. रुग्ण वाचला, कृत्रिम स्वरयंत्र बसवून बोललाही. पण काही महिन्यांत आजार उलटला. सुरुवातीच्या अशा शस्त्रक्रियांनंतर बरेच रुग्ण न्यूमोनियाने जात, कारण लाळ आणि अन्न फुप्फुसात उतरे. श्वासनलिकेचे तोंड कायमचे मानेच्या त्वचेला शिवून टाकायचे, हा उपाय बर्लिनच्या ग्लुक यांनी रूढ केला.

तोंडाचा कर्करोग मानेतल्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) पसरतो, हे कळल्यावर गाडी दुसऱ्या टोकाला गेली. अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेच्या १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्याची मुख्य शीर आणि खांदा उचलणारी नसही जाई. आजार आटोक्यात येई, पण खांदा लोंबकळे. केस विंचरायला हात वर जात नसे. तरीही अर्धशतकभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये अशा १४५० शस्त्रक्रियांचा आढावा दिला, तेव्हाही सगळे काढण्यावरच भर होता. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेस यांनी १९६३ मध्ये दाखवले की गाठी आवरणांच्या थरांमध्ये बसलेल्या असतात. थर सोलून काढले तर नस आणि शीर वाचवता येते. इटलीच्या एत्तोरे बोक्का यांनी ते युरोपभर पोहोचवले.

काढलेली जागा भरायची कशाने, हा प्रश्न तोवर वेगळ्याच वाटेने सुटत होता. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची पुण्याकडची पद्धत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. गालाची त्वचा वापरण्याची कृती तर सुश्रुतसंहितेतच आहे. कर्करोगानंतर १९६५ मध्ये छातीची त्वचा, १९७९ मध्ये छातीचा स्नायू आणि १९८९ मध्ये मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडून पायाचे हाड जबड्याच्या जागी, असा तो प्रवास झाला.

गाठी दिसत नसतानाही मान उघडावी का, यावर मात्र मतभेद राहिले. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने याची सरळ तुलना केली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीलाच गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर वाट पाहून गाठ आल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६७.५ टक्के. इथे 'थांबून पाहू' हे धोरण हरले.

स्वरयंत्राच्या बाबतीत उलटे घडले. अमेरिकेतील १९९१ च्या ३३२ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपी आणि रेडिएशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचे स्वरयंत्र शाबूत राहिले आणि दोन वर्षांनी जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटाइतकेच, म्हणजे ६८ टक्के होते. थायरॉइडच्या अगदी लहान, संथ कर्करोगात तर जपानच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून काही रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता फक्त सोनोग्राफीने नजर ठेवायला सुरुवात केली. गाठ वाढली तरच सुरी, असा तिथला शिरस्ता आहे आणि बहुतेकांच्या गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत.