२७ एचपी म्हणजे किती किलोवॅट?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात किंवा रबाळ्याच्या शेडमध्ये वायरमनला विचारा, मोटर कितीची? "साडेसातची." साडेसात काय, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मोटरच्या पट्टीवर मात्र ५.५ किलोवॅट असं कोरलेलं असतं. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत शक्तीसाठी वॅट पक्का झाला आणि शास्त्रापुरता एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर (अश्वशक्ती), निकालात निघाला. गंमत अशी की वागळे इस्टेट उभी राहिली तीच त्यानंतर, आणि पहिल्या दिवसापासून एचपीतच बोलू लागली.

एचपी हे एकक मूळचं वाफेच्या इंजिनांचं. मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड (म्हणजे ३३,००० पाउंड वजन मिनिटात एक फूट उचलणं) हे घोड्याचं माप अठराव्या शतकात इंजिनं खपवायला ठरवलं गेलं. १८८२ साली इंग्लंडमधल्या एका परिषदेतल्या भाषणात, व्होल्ट गुणिले अँपिअर येते त्या शक्तीला वॅट म्हणावं, अशी सूचना आली. त्याच भाषणात इंग्रजी घोडा ७४६ वॅटचा आणि फ्रेंच घोडा ७३५चा, हेही सांगितलं गेलं. ज्या जेम्स वॅटने घोड्याचं माप बसवलं, त्याच्याच नावाच्या एककाने पुढे घोड्याला घरी बसवलं.

वॅटही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. १९४८पर्यंत चालणारा 'आंतरराष्ट्रीय' वॅट आजच्या वॅटपेक्षा केसभर मोठा होता. पण त्याने कुणाच्या बिलात पैशाचाही फरक पडला नाही. एचपीने पडतो.

विजेच्या व्यवहारात एचपी नेमका ७४६ वॅटचा धरतात. जुन्या जर्मन मशीनवरचा 'पीएस' (जर्मन अश्वशक्ती) ७३५.५चा. हा फरक सोडून देण्याजोगा आहे. खरा घोळ पट्टीवरच्या आकड्याचा. तो आकडा शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) मिळणाऱ्या शक्तीचा असतो, तारेतून ओढल्या जाणाऱ्या विजेचा नाही. पाच एचपीची मोटर शाफ्टला ३.७ किलोवॅट देते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तारेतून ४.३५च्या आसपास घेते. मंजूर भार (जोडणीला वीज कंपनी जेवढ्या किलोवॅटची परवानगी देते तो) काढताना मात्र पट्टीवरचे एचपी बेरजेला घेऊन ०.७४६ने गुणायची रीत पडली. म्हणजे बाहेर पडणारी शक्ती मोजायची आणि तिला आत येणारी म्हणायचं.

त्यात राज्याच्या वीजदरपत्रकात लघुदाब (कमी व्होल्टेजच्या) उद्योगाची पहिली पायरी अनेक वर्षं "२० किलोवॅट, म्हणजे २७ एचपीपर्यंत" अशी छापली जायची. २७ गुणिले ०.७४६ होतात २०.१४. एकाच ओळीतल्या दोन मर्यादा एकमेकींशी जुळत नाहीत. शिवाय त्या पायरीच्या आत स्थिर आकार जोडणीमागे ठरलेला आणि पायरी ओलांडली की मागणी आकार केव्हीएवर, म्हणजे जेवढी विजेची मागणी तेवढा.

आता एक गाळा धरू. मोटरी १५, साडेसात, तीन आणि दीड एचपीच्या, शिवाय लेथचा पाव एचपीचा कूलंट (कापताना थंडावा देणारं पाणी सोडणारा) पंप. एचपीची बेरीज २७.२५, म्हणजे पायरीच्या वर. पण त्याच पट्ट्यांवरचे किलोवॅट (११, ५.५, २.२, १.१ आणि ०.१८) मिळवले तर १९.९८, म्हणजे पायरीच्या खाली. गाळेवाला किलोवॅट दाखवणार, तपासणीला आलेला एचपी. माझ्या मते गाळेवाल्याचं बरोबर आहे, कारण कायद्याचं एकक किलोवॅट. सगळा वाद त्या पावच्या पंपावर, जो दिवसातून तासभर पांढरं पाणी उडवतो.

शेतीत तर किलोवॅटला कोणी हिंग लावूनही विचारत नाही. मीटर नसलेल्या पंपांची आकारणी एचपीमागेच होत आली आणि त्या आकारणीसाठी विभाग पाडायलाही एका एचपीमागे वर्षाला १,३१८ तास वापर हा निकष होता. २०२४च्या एप्रिलपासून कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली, तीही साडेसात एचपीपर्यंत.