स्टुडंट लोनची माफी लोकांना आवडली होती, पण मतदानाचा उत्साह तिने आणला नव्हता

अमेरिकेत मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध होणारी संसदेची निवडणूक, जवळ आली की आपल्याकडच्या ग्रुपांवर आणि तिकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपांवर पण एक वाक्य हमखास फिरतं, की २०२२ ला बायडनने स्टुडंट लोन माफ केलं, पोरं खूश झाली, मतदानाला धावली आणि त्याचा डेमोक्रॅट पक्ष वाचला. त्याची उलटी आवृत्तीही आहे, की कोर्टाने माफी अडवली म्हणून पोरं रुसली आणि घरी बसली. ही दोन वाक्यं बोलणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण घोळ दोघांचा एकच आहे, पाठिंबा आणि उत्साह या दोन गोष्टी ते एकच धरून चालतात. आणि त्यातून मग एकतर "तरुण विकले गेले" नाहीतर "तरुण आळशी आहेत" असले निष्कर्ष निघतात, जे दोन्ही त्या पोरांवर अन्याय करणारे आहेत, म्हणून एकदा नीट लिहितोय.

पाठिंबा म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. फोन येतो, विचारतात ही योजना आवडली का, तुम्ही हो म्हणता, टक्का निघतो. लोन माफीच्या बाजूने तेव्हा देशभरात साधारण निम्मे किंवा थोडे जास्त लोक होते आणि तरुणांमध्ये त्याहून बरेच जास्त. झालं, पाठिंब्याबद्दल एवढंच पुरे.

योजना काय होती तेही पटकन. २४ ऑगस्ट २०२२ ला घोषणा झाली, वर्षाला १,२५,००० डॉलरच्या आत कमाई असेल तर (नवरा-बायको मिळून २,५०,०००) १०,००० डॉलरपर्यंत माफ, आणि कॉलेजात पेल ग्रँट मिळालेली असेल, म्हणजे घरची परिस्थिती बेताची होती असं गृहीत, तर २०,००० पर्यंत. सुमारे ४ कोटी ३० लाख लोक बसत होते त्यात. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, बजेट ऑफिसने खर्च काढला ४०० अब्ज डॉलर. ऑक्टोबरच्या मध्यावर अर्ज सुरू झाले, फॉर्म अगदी छोटा, नाव, सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, फोन, ईमेल, एकही कागद जोडायचा नाही. आठवडा होतो न होतो तोच अपील कोर्टाने स्थगिती दिली. ८ नोव्हेंबरला मतदान, १० नोव्हेंबरला टेक्सासच्या एका फेडरल जजने योजनाच रद्द ठरवली, आणि ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल देऊन विषय संपवला. या योजनेखाली प्रत्यक्ष किती लोन माफ झालं? शून्य.

बारीकसारीक गोंधळ इथेच उरकून घेतो. माफी आणि हप्त्यांना स्थगिती वेगळी, स्थगिती मार्च २०२० पासून कोविडमुळे चालू होती. बायडनच्या काळात इतर जुन्या नियमांखाली, उदाहरणार्थ दहा वर्षं सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी केलेल्यांचं, बरंच लोन खरोखर माफ झालं, तो हिशोब वेगळा, या योजनेत मिसळू नका. खाजगी बँकेचं लोन यात कधीच नव्हतं. आणि नाही हो, पुण्या-नाशिकहून एफ-१ व्हिसावर एमएस करायला गेलेल्या पोरांचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांना फेडरल, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारचं, लोन मिळतच नाही, त्यांचं लोन इथल्या बँकेत घर तारण ठेवून घेतलेलं असतं. तेव्हा "तुझं पण माफ झालं का रे" असं विचारून त्या बिचाऱ्यांना पिडणं कृपया बंद करा.

आता खरा मुद्दा. उत्साह.

उत्साह म्हणजे ही गोष्ट मला आवडते असं म्हणणं नव्हे. उत्साह म्हणजे नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, ज्या दिवशी देशभर सुट्टी नसते, कामाची शिफ्ट सांभाळून, पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्यावर आधी नाव नोंदवून, आपलं केंद्र शोधून, रांगेत उभं राहणं. पाठिंब्यावरून एवढंच कळतं की मत देणारे कोणाला देतील. मत देणारे मुळात असतील कोण, हे उत्साहावर ठरतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हा फरक थोडा झाकला जातो, २०२० ला पात्र लोकांपैकी ६६ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं होतं. मिडटर्मला तो आकडा खूप खाली येतो, २०१४ ला तर ३७ टक्केसुद्धा धड नव्हता. म्हणजे निम्म्याहून जास्त देश घरी. अशा वेळी घरी कोण बसलं यावर अख्खा निकाल फिरतो.

आकड्यांनीच बघू, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घसरतात. २०२२ च्या एक्झिट पोलमध्ये १८ ते २९ वयाच्या मतदारांनी डेमोक्रॅटना ६३ आणि रिपब्लिकनांना ३५ टक्के मतं दिली. हा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा लोन माफीचा उत्साह! अहो, हा पाठिंबा आहे, तोही जे केंद्रावर पोचले त्यांचा. उत्साह बघायचा तर त्या वयातले किती टक्के मुळात पोचले ते बघा. टफ्ट्स युनिव्हर्सिटीचं सर्कल नावाचं केंद्र हा हिशोब ठेवतं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा अंदाज होता २७ टक्के, पुढे मतदार याद्या तपासून नक्की केलेला आकडा आला २३. अजूनही लोक २७ च टाकतात, कारण बातमी तेव्हाच छापून झाली होती, आणि मला हे फार खटकतं. २०१८ च्या मिडटर्मला हाच आकडा २८ होता आणि २०१४ ला जेमतेम १३.

आता ढोबळ गणित करा. २०१८ ला शंभर तरुणांतले २८ आले, ६७ विरुद्ध ३२ टक्के असे विभागले, म्हणजे डेमोक्रॅटना साधारण १९, रिपब्लिकनांना ९, आघाडी दहाच्या जवळपास. २०२२ ला २३ आले, साडेचौदा विरुद्ध आठ, आघाडी साधारण साडेसहा. पाठिंब्याचा टक्का ६७ वरून ६३ वर आला, चारच पॉइंटांचा फरक, कोणाला जाणवणारही नाही, पण हातात पडलेली आघाडी एक तृतीयांशाने घटली आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा टर्नआउटचा, म्हणजे किती जण आले याचा आहे. आणि लक्षात घ्या, २०१८ ला लोन माफीची घोषणाबिषणा काही नव्हती. होता तो ट्रम्पवरचा राग, फेब्रुवारीत फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत झालेला गोळीबार आणि त्यानंतर देशभर रस्त्यावर उतरलेली शाळकरी मुलं.

मग २०२२ ला २०१४ सारखं १३ वर का नाही गेलं? काहीतरी उत्साह होताच ना? होता, पण तारखा बघा. २४ जूनला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क काढून घेतला. २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये, म्हणजे पक्क्या रिपब्लिकन राज्यात, गर्भपाताचा हक्क काढणाऱ्या घटनादुरुस्तीला लोकांनी ५९ विरुद्ध ४१ असं नाकारलं. एनबीसी या वृत्तवाहिनीचा पोल लोकांना विचारतो की निवडणुकीत तुम्हाला किती रस आहे, एक ते दहा सांगा, आणि नऊ-दहा म्हणणारेच ते मोजतात. त्यात मार्चमध्ये रिपब्लिकन १७ पॉइंटांनी पुढे होते, ऑगस्टच्या मध्यावर ते अंतर २ वर आलं. २३ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या १९ व्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, डेमोक्रॅट पॅट रायन गर्भपाताच्या हक्काच्या मुद्द्यावर लढला आणि जिंकला. आणि लोन माफीची घोषणा? २४ ऑगस्टला. उत्साहातला फरक आधीच भरून निघाला होता, घोषणा नंतर आली. जे नंतर आलं ते आधीच्या गोष्टीचं कारण कसं असेल?

दुसरा पुरावा मला त्याहून जास्त पटतो. लोन माफी सगळ्या राज्यांना सारखीच होती, मिशिगनच्या पोराला दहा हजार तर टेनेसीच्या पोराला पण दहा हजार. उत्साह तिने आणला असता तर सगळीकडे थोडाफार सारखा दिसला असता. प्रत्यक्षात मिशिगनमध्ये तरुणांतल्या तिघांत एकाहून जास्त जणांनी मत दिलं, टेनेसीत आठांत एक. मिशिगनमध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर होता, आणि त्याच दिवशी नाव नोंदवून लगेच मत द्यायची सोय होती. अॅन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या आर्ट म्युझियममध्ये निवडणुकीचं काम बघणाऱ्या शहराच्या क्लार्कचं ऑफिस उघडलं होतं, मतदान संपायची वेळ रात्री आठ, पण आठ वाजता रांगेत असेल त्याला मत द्यायचा अधिकार असतो, तर विद्यार्थी थंडीत तासन्‌तास उभे होते, मध्यरात्र उलटली तरी मतदान चालूच होतं. उत्साह म्हणतात तो हा, आणि या पोरांना कोणी आळशी म्हटलं की मला मनापासून राग येतो.

मग इतक्या लोकांना हवी असलेली माफी उत्साह का नाही आणू शकली? माझ्या मते मोठं कारण असं की कोणाच्याच खिशाला तेव्हा काही जाणवलं नाही. हप्ते मार्च २०२० पासून बंदच होते. २०२२ च्या ऑक्टोबरात एखाद्या नर्सचा किंवा शिक्षिकेचा महिन्याचा हप्ता घोषणेआधी शून्य होता आणि घोषणेनंतरही शून्यच. वेबसाईटवरची बाकी रक्कमही बदललेली नव्हती, कारण कोर्टाने थांबवलं होतं. कागदावर दहा हजाराचा फायदा, पण रोजच्या जगण्यात फरक काही नाही, आणि ज्याचा फरक दिसत नाही त्यासाठी माणूस बरं झालं म्हणतो, पण रांगेत उभा राहत नाही.

शिवाय स्टुडंट लोन म्हणजे स्टुडंटचं हे समीकरणच चुकीचं आहे. हे कर्ज डोक्यावर असलेले बहुतेक लोक कॉलेज सोडून वर्षं झालेले, बरेचसे तिशी-चाळिशीतले आहेत, काही पन्नाशी ओलांडलेले, काहींनी तर मुलांसाठी काढलेलं. ३० जून २०२२ पर्यंत हातात पडलेलंच लोन माफीत बसत होतं. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये कॉलेजला नव्याने दाखल झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीला यातून एक डॉलरही मिळणार नव्हता. आणि सगळे लेख तिचाच फोटो लावून लिहिलेले.

आणि तिसरं, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, उत्साह दोन बाजूंचा असतो आणि मिळालेल्यापेक्षा हिरावलेलं माणसाला जास्त बाहेर काढतं. ओबामाकेअरचं, म्हणजे ओबामाच्या आरोग्यविम्याच्या कायद्याचंच बघा ना, मार्च २०१० मध्ये कायदा झाला, त्यातला मोठा फायदा २०१४ पासून मिळणार होता, आणि २०१० च्या मिडटर्मला डेमोक्रॅटनी हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, ६३ जागा घालवल्या. पुढे २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी तोच कायदा मोडायचा प्रयत्न केला, सिनेटमध्ये अगदी थोडक्यात फसला, आणि २०१८ ला तोच आरोग्यविमा डेमोक्रॅटांचा सगळ्यात जोरदार मुद्दा झाला. योजना तीच, आधी देताना कोणी उठलं नाही, काढून घेतील म्हटल्यावर उठले. २०२२ ला हिरावला गेला होता गर्भपाताचा हक्क. लोन माफीत उलट रागावायचं कारण समोरच्या बाजूला होतं, ज्याने रात्रपाळी करून स्वतःचं कर्ज फेडलं तो विचारत होता माझं काय, जो कॉलेजलाच गेला नाही तो विचारत होता मी का भरायचं. माझं स्वतःचं मत माफीच्या बाजूने आहे, व्याज चढून चढून मुद्दलाच्या वर गेलेली कर्जं बघितली की दुसरं मत होऊच शकत नाही, पण म्हणून समोरच्याचा राग खोटा ठरत नाही, आणि मतं मोजताना तो धरावाच लागतो.

याच कारणाने ३ नोव्हेंबर २०२६ च्या मिडटर्मला २०२२ ची मापं लावू नका. आता हप्ते चालू आहेत, ५ मे २०२५ पासून थकबाकीदारांकडून सक्तीची वसुली पण सुरू झाली होती (जानेवारी २०२६ मध्ये ती तात्पुरती थांबवली), आणि जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल) लोन बंद, मेडिकल किंवा लॉ करणाऱ्याला फेडरल लोन वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. म्हणजे यावेळी काहीतरी हातातून जातंय आणि ते महिन्याच्या महिन्याला जाणवतंय. न्यू जर्सीत एडिसन किंवा एडिसनच्या आसपास राहणाऱ्या ज्या मराठी घरांत नागरिक असलेलं पोर मेडिकलला जायच्या तयारीत आहे, त्यांना हे मला सांगायची गरज नाही. तिथे पोलवाला विचारेल कायदा आवडला का, आणि आख्खं घर नाही म्हणेल, पण त्यात अजून उत्साह कुठेच मोजलेला नाही. पोर हॉस्टेलला राहतंय का, नाव कुठल्या पत्त्यावर आहे, टपालाने मत मागवलंय का, हे विचारा. न्यू जर्सीत नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या २१ दिवस आधी संपते, यावेळी ती १३ ऑक्टोबरला येते.