निहाली भाषा

निहाली (नहाली) ही महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जाणारी आदिवासी भाषा. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी, चालठाणा अशा मोजक्या गावांत तिचे भाषक राहतात. त्यांची संख्या साधारण २,००० ते २,५०० मानली जाते. भाषेला स्वतःची लिपी नाही.

या भाषेची नोंद बहुधा कोरकू या शेजारच्या जमातीच्या भाषेच्या खात्यातच होत आली. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी ती मुळात कोरकूसारखी मुंडा (मध्य व पूर्व भारतातील आदिवासी भाषांच्या एका कुळातली) भाषा असून पुढे तिच्यावर द्राविडी व आर्य भाषांची पुटे चढली, असे ठरवले. अनुसूचित जमातींच्या यादीतही ‘निहाल’ हे नाव कोरकूच्याच नोंदीत येते. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा जनगणना वेगळ्या दाखवत नाही, त्यामुळे तिथेही तिला जागा नाही.

गोंधळ व्हायला कारण आहेच. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतांवर मजुरीला जात आले आणि शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकूतून आला. इर, मोठो, नालो (दोन, तीन, चार) हे अंक द्राविडी वळणाचे. त्यापुढची मोजणी हिंदी-मराठीतून घेतलेली. पण ही उसनवारी बाजूला काढली की कोणत्याच ज्ञात कुळात न बसणारे शब्द उरतात, आणि ते अगदी रोजच्या वापरातले आहेत. पाण्याला कोरकूत ‘डा’, निहालीत ‘जोप्पो’. डोळ्यासाठी ‘जिकी’ हा शब्दही असाच एकटा. म्हणूनच आज बहुतेक अभ्यासक निहालीला एकाकी, म्हणजे कुळ न सापडलेली भाषा मानतात.

डच अभ्यासक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा सविस्तर तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. हे अनोळखी शब्द म्हणजे परक्यांना कळू नये म्हणून घडवलेली सांकेतिक बोली असावी, अशी शंका त्यांनी मांडली. ती सर्वांना पटलेली नाही. पाणी आणि डोळा यांना लपवण्यासारखे काय असते, हा प्रश्न उरतोच. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी भाषेचे दस्तऐवजीकरण केले आहे.

युनेस्कोने निहालीची गणना अतिसंकटग्रस्त भाषांत केली आहे. शाळा मराठीत, बाजारहाट मराठी-हिंदीत आणि शेजार कोरकूचा. निहाली उरते ती मुख्यतः घरात आणि आपसात.