पोझिशन कंट्रोल आणि ड्राफ्ट कंट्रोल: अवजार जोडताना हात कोणत्या लिव्हरवर असावा?

ट्रॅक्टरचालकाच्या उजव्या हाताशी बहुधा हायड्रॉलिक लिफ्टचे (तेलाच्या दाबाने अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचे) दोन लिव्हर शेजारी शेजारी असतात. दोन्हींमुळे लिफ्ट वर जाते आणि खाली येते, म्हणून अनेक जण त्यांना एकाच कामाचे दोन दांडे समजतात. नांगरटीत या गैरसमजाने फार तर तास (नांगराने पडणारी चर) उथळ-खोल होईल; अवजार जोडताना मात्र ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये माणूस उभा असतो आणि त्याची बोटे जोडणीच्या पिनेजवळ असतात.

पोझिशन कंट्रोल उंची सांभाळतो. लिव्हर जेवढा सरकवावा तेवढ्याच उंचीवर मागचे, अवजार ज्यांना जोडले जाते ते दोन्ही आर्म येऊन थांबतात. ड्राफ्ट कंट्रोलला उंचीशी देणेघेणे नाही, त्याला कळते ती ओढ. नांगर काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात शिरला की ओढ वाढते, टॉपलिंक (अवजाराला वरच्या बाजूने जोडणारा तिसरा दांडा) ट्रॅक्टरकडे दाबली जाते, तिच्या मुळाशी असलेली स्प्रिंग दबते आणि लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. ओढ घटली की नांगर पुन्हा खाली बसतो. (मोठ्या ट्रॅक्टरांत ही ओढ खालच्या आर्ममधूनही मोजली जाते.) हॅरी फर्ग्युसन यांच्या १९२६ च्या पेटंटाचा गाभा हाच होता. ठरावीक उंची धरून ठेवण्याची सोय मागाहून आली. १९४७ च्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरमध्ये दोन्ही सोयी होत्या.

यावरून जोडणीच्या वेळी काय करावे हे आपोआप ठरते. अवजार नसताना ओढही नसते, त्यामुळे ड्राफ्ट लिव्हर थोडा हलवला तरी आर्म अर्ध्यावर न थांबता थेट वर जाऊ शकतात. इंजिन चालू ठेवून टॉपलिंक हातोडीने पुढे ठोकली, तर तो दाब लिफ्टला ओढीसारखाच वाटतो. म्हणून ड्राफ्ट लिव्हर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठेवून पोझिशन लिव्हरने आर्म पिनेच्या उंचीला आणावेत, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि मगच खाली उतरावे. आधी डावा आर्म जोडावा, कारण त्याची लांबी सहसा कमी-जास्त करता येत नाही. उजवा आर्म लेव्हलिंगच्या हँडलने वर-खाली करून नंतर बसवता येतो. टॉपलिंक शेवटी. प्रत्येक पिनेला, ती निसटू नये म्हणून, लॉक पिन घालावी. तिच्या जागी वाकवलेला खिळा घालण्याची सवय मला अजिबात मान्य नाही.

रोटाव्हेटरसाठी शेतातही पोझिशन कंट्रोलच वापरावा, नांगरासाठी ड्राफ्ट. पोझिशन कंट्रोलविषयीही एक भ्रम आहे: इंजिन बंद केल्यावर तो अवजार वर धरून ठेवतो, असे मानून लोक त्याखाली शिरतात. तेल झिरपत राहते आणि अवजार हळूहळू बसते, कुणाचा धक्का लिव्हरला लागला तर एकदम बसते.

अवजार सोडताना सपाट जागेवर पोझिशन लिव्हरने ते पूर्ण टेकवावे आणि इंजिन बंद करावे. पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद अवजाराला पोहोचवणारा फिरता दांडा) असेल तर तो काढावा, टॉपलिंक फिरवून तिच्यावरचा ताण घालवावा, मग टॉपलिंक, उजवा आर्म, डावा आर्म या क्रमाने सोडावे. नांगराखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावून तो सरळ उभा ठेवला, तर तो कलंडत नाही आणि पुढच्या वेळी पिना जवळपास त्याच उंचीवर सापडतात.